कळ दाबल्यानंतरचे मानपान

संगणकाची कळ दाबल्यापासून पडद्यावर पासवर्ड मागणारी चौकट येईपर्यंतचा काळ वापरणाऱ्याच्या दृष्टीने निव्वळ खोळंब्याचा असतो. कंपनीचे बोधचिन्ह पाहावे, त्याखाली गरगरणारे ठिपके पाहावेत आणि ठिपके फार वेळ गरगरले तर यंत्र जुने झाल्याची घरात घोषणा करावी, यापलीकडे त्याला त्या काळात काही कर्तव्य नसते. प्रत्यक्षात या अवधीत मोठा कारभार चालू असतो आणि तो फर्मवेअरच्या अखत्यारीत येतो. फर्मवेअर म्हणजे मदरबोर्डवरच्या एका लहान चिपमध्ये कायम मुक्कामाला असलेली आज्ञावली. प्रोसेसरला कामाला लावणे, मेमरी, डिस्क, कीबोर्ड आणि पडदा यांची हजेरी घेणे आणि मग विंडोज किंवा लिनक्स यांसारख्या कार्यप्रणालीच्या हाती किल्ल्या देऊन बाजूला होणे, एवढे तिचे काम. आजच्या संगणकांत या आज्ञावलीची जी मांडणी रूढ आहे तिला यूईएफआय, म्हणजे युनिफाइड एक्स्टेन्सिबल फर्मवेअर इंटरफेस, असे भारदस्त नाव असून तिच्या आधीची बायोस, म्हणजे बेसिक इनपुट-आउटपुट सिस्टिम, निवृत्त झाल्याचे सांगितले जाते. दुरुस्तीच्या दुकानात मात्र 'बायोसमध्ये जा' असेच म्हणतात.

वरील काम खरे तर क्षणार्धात उरकावे इतके साधे आहे. ते तसे उरकत नाही, याचे कारण तांत्रिक कमी आणि सामाजिक अधिक आहे. मुहूर्ताची घटिका भरत आली तरी लग्नमंडपात आधी ज्येष्ठांचे मानपान व्हावे लागतात, आणि ज्याचे नाते नेमके काय हे दोन्हीकडच्या कोणालाच सांगता येत नाही अशा एखाद्या आजोबांनाही टॉवेल-टोपी द्यावीच लागते, त्याच न्यायाने संगणकाच्या प्रारंभात गेल्या चार-पाच दशकांतील प्रत्येक निर्णयाला, त्याचे कारण संपले तरी, आपापला मान मिळतो. यूईएफआय आली ती ही प्रथा मोडायला. तिने मानकऱ्यांची यादी वाढवली.

सर्वांत पहिला मान १९७८ सालाचा. त्या वर्षी इंटेलने ८०८६ हा प्रोसेसर बाजारात आणला. त्याला एकूण १ मेगाबाइट मेमरीचे पत्ते ठाऊक होते आणि तो एका वेळी १६ बिटांचा हिशेब करी. आज त्याच कुळातला, अनेक गाभ्यांचा आणि ६४ बिटांचा प्रोसेसर लावलेला संगणक चालू केला तर तो प्रोसेसर पहिल्या क्षणी आपण ८०८६ च आहोत अशा समजुतीने जागा होतो. या अवस्थेला 'रिअल मोड' असे म्हणतात. त्याची पहिली आज्ञा पत्त्यांच्या वरच्या टोकापासून अवघे १६ बाइट अलीकडे ठेवलेली असते, आणि तेवढ्या जागेत 'इथे काही नाही, पलीकडे जा' एवढाच निरोप मावत असल्याने तेवढाच तिथे असतो. पुढच्या काही आज्ञांत फर्मवेअर त्याला त्याचे खरे वय समजावून सांगते आणि तो ३२ बिटांत, मग ६४ बिटांत येतो. पण पणजोबांचा अंगरखा एकदा अंगाला लावल्याशिवाय आधुनिक पोशाख चढवता येत नाही, हा नियम पाळला जातो. इंटेलने मे २०२३ मध्ये हा अंगरखा फडताळात ठेवून द्यावा असा एक्स८६एस नावाचा प्रस्ताव मांडला होता. डिसेंबर २०२४ पर्यंत प्रस्तावच फडताळात गेला.

या घराण्यातील ए२० नावाच्या तारेची हकिकत तर स्वतंत्र प्रबंधाची धनी आहे. आयबीएमने १९८४ साली पीसी-एटी काढला तेव्हा त्यातल्या ८०२८६ प्रोसेसरला १ मेगाबाइटच्या पलीकडचे पत्ते कळू लागले होते, परंतु काही जुन्या आज्ञावल्या असे गृहीत धरून लिहिलेल्या होत्या की १ मेगाबाइटची हद्द ओलांडली की माणूस पुन्हा शून्यावर येतो. त्या आज्ञावल्यांचा भ्रम मोडू नये म्हणून एकविसाव्या पत्त्याच्या तारेवर एक फाटक बसवण्यात आले आणि ते उघडण्या-मिटण्याचे काम कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपकडे सोपवले गेले, कारण त्या चिपची एक पिन रिकामी होती. परिणामी कित्येक वर्षे संगणकाला आपलीच मेमरी वापरण्यासाठी आपल्याच कीबोर्डची परवानगी काढावी लागे. इंटेलच्या प्रोसेसरांतून हे फाटक २०१३ च्या सुमारास गेले. त्याच्या आधी तिथून कोणी अडून परतले होते काय, हा प्रश्न या तीन दशकांत फारसा कोणी विचारल्याचे दिसत नाही.

बायोसचा जन्म १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेल्या आयबीएम पीसीबरोबर झाला, आणि ती अवघ्या ८ किलोबाइटांची होती. आयबीएमने तिची संपूर्ण संहिता तांत्रिक माहितीच्या पुस्तकात छापून विकली, हे औदार्य वाटते. पण संहिता छापलेली असल्याने ती वाचणारा प्रत्येक माणूस स्वामित्व हक्काच्या दृष्टीने बाटत असे आणि त्याने पुढे लिहिलेली कोणतीही बायोस चोरीची ठरण्याचा धोका होता. कॉम्पॅक आणि नंतर फिनिक्स या कंपन्यांनी यावर 'क्लीन रूम' नावाचा तोडगा काढला: एका गटाने आयबीएमची बायोस काय काय करते एवढेच टिपून काढायचे, आणि ती संहिता कधीही डोळ्यांखालून न घातलेल्या दुसऱ्या गटाने त्या टिपणावरून नवी बायोस लिहायची. विषयाचे वाचन न केलेले असणे ही नेमणुकीची मुख्य पात्रता ठरल्याचे उद्योगक्षेत्रातील हे एक दुर्मीळ उदाहरण होय. आयबीएमशी सुसंगत असे स्वस्त पीसी पुढे जगभर झाले, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन 'असेंबल' करण्याची परंपरा उभी राहिली, ते सर्व या पात्रताधारकांच्या अज्ञानावर उभे आहे.

बायोस डिस्ककडे वळली की तिचा पहिला ५१२ बाइटांचा तुकडा वाचते. त्यातले ४४६ बाइट प्रारंभाच्या आज्ञांना, ६४ बाइट डिस्कच्या वाटणीपत्राला आणि उरलेले २ बाइट सही म्हणून. वाटणीपत्रात चारच वारसांची सोय होती आणि डिस्क सुमारे २ टेराबाइटांपेक्षा मोठी असली तर पलीकडची जमीन नोंदवताच येत नसे. ही अडचण फार पुढची. त्याआधी बायोस मोडीत काढण्याची निकड इंटेलला भासली ती आयटेनियम या प्रोसेसरमुळे. एचपीच्या सहकार्याने घडवला जाणारा हा प्रोसेसर ८०८६ च्या कुळातला नव्हता, त्यामुळे १६ बिटांची वंशावळ त्याच्या गळ्यात बांधणे शोभणारे नव्हते, आणि म्हणून १९९८ च्या सुमारास त्याच्यासाठी वेगळे, सुसंस्कृत फर्मवेअर हाती घेण्यात आले, तेच ईएफआय. आयटेनियमला टायटॅनिक जहाजाच्या नावावर बेतलेले टोपणनाव आधीच मिळाले होते, आणि २००१ साली तो बाजारात आल्यावर बाजाराने ते खरे करून दाखवले. जुलै २०२१ मध्ये त्याची शेवटची खेप रवाना झाली. फर्मवेअर मात्र बुडाले नाही. २००५ साली ते अनेक कंपन्यांच्या एका मंडळाकडे सुपूर्द झाले, नावाला 'युनिफाइड' हे विशेषण लागले, आणि ज्या कुळाशी संबंध नको म्हणून ते निर्माण केले होते त्याच ८०८६ च्या कुळात ते दत्तक गेले.

मंडळाकडे गेल्यावर कोणत्याही गोष्टीचे जे होते ते झाले. यूईएफआयचे अधिकृत तपशीलपत्र आज २००० पानांहून मोठे असून त्यात डिस्कच्या नव्या वाटणीपत्रापासून, ज्यात आता १२८ वारसांची सोय असते, अक्षरांच्या वळणापर्यंत, माउसपासून इंटरनेटपर्यंत सर्वांची कलमे आहेत. तिला स्वतःचा आदेश-फलक आहे, स्वतःची जाळ्याची यंत्रणा आहे. कार्यप्रणाली सुरू करून देणे हे जिचे एकमेव प्रयोजन, ती स्वतःच बऱ्याच अंशी कार्यप्रणाली झाली आहे. तिच्यातल्या प्रत्येक सेवेला नावाऐवजी १२८ बिटांचा ओळखक्रमांक असतो, जेणेकरून विश्वात दुसऱ्या कोणत्याही गोष्टीशी तिची गल्लत होऊ नये. गल्लत होत नाही हे खरे, पण ओळखही पटत नाही. येथे एक गोष्ट मात्र खरोखरच अवघड असते आणि तिचे श्रेय फर्मवेअरला द्यायला हवे. संगणक जागा होतो तेव्हा मुख्य मेमरी चालू नसते. ती चालू करण्यासाठी आज्ञावली चालवावी लागते आणि आज्ञावलीला हिशेब मांडायला मेमरी लागते. या पेचातून सुटण्यासाठी प्रोसेसरच्या पोटातली कॅशे, म्हणजे हाताशी ठेवलेली छोटी द्रुत मेमरी, काही काळ मुख्य मेमरीचे सोंग घेते आणि तेवढ्यात खऱ्या मेमरीच्या तारांचे वेळापत्रक जुळवले जाते. डीडीआर५ जातीच्या मेमरीत ही जुळवाजुळव पहिल्या वेळी काही मिनिटेही चालते, तोवर पडदा काळाठिक्कर राहतो, आणि हौसेने नवा पीसी जोडलेले गृहस्थ तो नेमका शेवटच्या मिनिटाला बंद करतात. जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

नव्या युगात जुन्यांचा मान कसा राखला जातो, याचे सर्वोत्तम उदाहरण 'एमझेड' या दोन अक्षरांचे आहे. मार्क झ्बिकोव्स्की हे मायक्रोसॉफ्टमधले प्रोग्रामर. एमएस-डॉसच्या आज्ञावल्यांच्या फायलीचा साचा त्यांनी ठरवला आणि फाइल ओळखू यावी म्हणून तिच्या आरंभी आपली आद्याक्षरे घातली. विंडोजने तो साचा पोटात ठेवून नवा साचा केला, यूईएफआयने विंडोजचा साचा जवळजवळ जशाचा तसा उचलला, आणि त्यामुळे आज यूईएफआयला जे काही सुरू करायचे असेल त्याचे पहिले दोन बाइट एम आणि झेड असणे सक्तीचे आहे. लिनक्सचा गाभा थेट फर्मवेअरकडून सुरू व्हायचा असेल तर त्यालाही ही अक्षरे कपाळी लावावी लागतात. एआरएम जातीच्या ६४ बिटी प्रोसेसरांचा डॉसशी जन्मात कधी संबंध आला नाही. त्यांच्यासाठीच्या लिनक्समध्ये आरंभी एक अशी आज्ञा मुद्दाम घातली गेली की जिचा परिणाम काहीच होत नाही, पण जिचे बाइट अक्षरे म्हणून वाचले तर 'एमझेड' होतात. सत्यनारायणाच्या पोथीत प्रसाद न घेतल्याने जे अनर्थ होतात ते टाळण्याची खबरदारी याहून अधिक कसोशीने कोणी घेतली नसेल. खुद्द प्रारंभाची फाइल ज्या विभागात ठेवायची तो विभाग १९७७ सालच्या फॅट या पद्धतीच्या वंशजाने आखलेला असावा लागतो, हे ओघानेच आले.

इतकी काटेकोर कलमे असलेली ही व्यवस्था स्वतःची माहिती भरताना मात्र आश्चर्यकारक ढिलाई दाखवते. प्रत्येक संगणकाच्या फर्मवेअरमध्ये एक तक्ता असतो, ज्यात निर्मात्याचे नाव, मॉडेल, अनुक्रमांक इत्यादी रकाने असतात. फर्मवेअर लिहिणारी कंपनी ते रकाने कोरे ठेवण्याऐवजी 'टू बी फिल्ड बाय ओ. ई. एम.', म्हणजे 'हे उत्पादकाने भरावे', अशी सूचना लिहून देते. उत्पादकाने ते भरलेच पाहिजे असे नाही. त्यामुळे असेंबल केलेल्या संगणकांत निर्माता, मॉडेल आणि अनुक्रमांक या तिन्ही ठिकाणी हीच सूचना सुखाने नांदताना आढळते, आणि कार्यालयातील सर्व संगणकांची यादी करणारे सॉफ्टवेअर 'हे उत्पादकाने भरावे' या घराण्यातले, त्याच नावाचे, त्याच अनुक्रमांकाचे चाळीस संगणक एकाच खोलीत असल्याचा अहवाल देते.

फर्मवेअर आणि कार्यप्रणाली यांचा परस्परसंवाद हाही अभ्यासनीय आहे. एसीपीआय या वीज-व्यवस्थापनाच्या संकेतानुसार फर्मवेअर कार्यप्रणालीला 'आपण कोण' असे विचारू शकते. हेतू असा की उत्तर पाहून तिला सोयीचे होईल तसे वागावे. प्रत्यक्षात बहुतेक उत्पादकांनी आपले यंत्र विंडोजवरच तपासून पाहिलेले असते आणि दुसरे कोणतेही उत्तर मिळाल्यास काय होईल याची त्यांनाही कल्पना नसते. म्हणून लिनक्सने अनुभवान्ती असे धोरण स्वीकारले आहे की 'आपण विंडोज काय' असे कोणत्याही आवृत्तीचे नाव घेऊन विचारले तर 'होय' म्हणावे, आणि 'आपण लिनक्स काय' असे विचारले तर 'नाही' म्हणावे. ही साक्ष जगभर अहोरात्र होते आणि तिच्यामुळेच लॅपटॉपचे पंखे वेळेवर फिरतात. २०१२ साली एका नामांकित कंपनीच्या संगणकात असेही आढळले की त्याचे फर्मवेअर प्रारंभाच्या यादीतील नोंदीचे नाव वाचून पाहते, आणि ते 'विंडोज बूट मॅनेजर' किंवा 'रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स' असेल तरच आत घेते. त्याच रेड हॅटच्या आश्रयाने वाढलेल्या फेडोरा लिनक्सला, केवळ नाव वेगळे म्हणून, दारातून परत जावे लागत होते.

मान न मिळालेला माणूस या सगळ्यात एकच सापडतो. इंटेलच्या चिपसंचात मुख्य प्रोसेसरपासून स्वतंत्र असा एक छोटा व्यवस्थापक-प्रोसेसर असतो, जो संगणक बंद दिसत असतानाही जागा राहू शकतो. त्याच्या नव्या पिढ्यांत मिनिक्स ही कार्यप्रणाली चालते असे २०१७ मध्ये उघड झाले. मिनिक्स मुळात विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकांनी लिहिली होती. त्यांनी इंटेलला जाहीर पत्र लिहिले, त्याचा आशय असा की पैशांचा प्रश्न नाही, परवानगीचीही गरज नव्हती, फक्त काम झाल्यावर शिष्टाचार म्हणून कोणी कळवले असते तर बरे वाटले असते. ज्या माणसाची कार्यप्रणाली कोट्यवधी घरांत पोहोचली, त्याला आमंत्रणपत्रिका तेवढी पोहोचली नव्हती.

वेगाचा विचार आला की फर्मवेअरची निराळीच अडचण दिसते. बायोसच्या काळी तिच्या पानांत शिरण्यासाठी डिलीट किंवा एफ२ दाबायला भरपूर सवड असे; शिवाय कीबोर्ड जोडलेला नसेल तर 'कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा' असा सुप्रसिद्ध सल्लाही मिळे. यूईएफआय आणि विंडोज ८ यांनी मिळून प्रारंभ इतका जलद केला की, मायक्रोसॉफ्टनेच २०१२ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, कळ दाबण्याची संधी काही यंत्रांवर २०० मिलिसेकंदांहूनही कमी उरली. यावर उपाय म्हणून फर्मवेअरमध्ये जाण्याचा मार्ग विंडोजच्या आतून काढण्यात आला: शिफ्ट दाबून रीस्टार्ट निवडायचे. विंडोज सुरू होत नसेल तेव्हाच सहसा माणसाला फर्मवेअरमध्ये जावेसे वाटते, याचेही भान ठेवून प्रारंभ सलग फसला तर हा मार्ग आपोआप दिसावा अशी तजवीज करण्यात आली.

सुरक्षिततेच्या प्रकरणात मात्र विनोदाची पातळी उंचावते. २०११ च्या सुमारास यूईएफआयमध्ये 'सिक्युअर बूट' ही सोय आली, म्हणजे प्रारंभाच्या प्रत्येक फायलीवर मान्यताप्राप्त डिजिटल सही असेल तरच ती चालवायची. सह्यांचा मुख्य अधिकार व्यवहारतः मायक्रोसॉफ्टकडे आल्याने लिनक्सवाल्यांनी ९९ डॉलर भरून तिथे खाते काढण्याची आणि 'शिम' नावाच्या छोट्या मध्यस्थ आज्ञावलीवर प्रतिस्पर्ध्याची सही आणण्याची वाट धरली, आणि मॅथ्यू गॅरेट यांनी लिहिलेली ती आज्ञावली आजही हे काम करते. या सर्व सह्यांच्या मुळाशी प्रत्येक उत्पादकाची एक सर्वोच्च किल्ली असते. जुलै २०२४ मध्ये बायनार्ली या संशोधन-कंपनीने दाखवून दिले की शेकडो मॉडेलांत ही सर्वोच्च किल्ली म्हणून फर्मवेअर कंपनीने केवळ चाचणीसाठी दिलेली नमुना किल्लीच तशीच राहिली आहे. तिची गुप्त बाजू इंटरनेटवर फुटली होती, आणि तिच्या नावातच इंग्रजीत ठळक अक्षरांत 'विश्वास ठेवू नका' असे लिहिलेले होते. सुमारे एक तप यंत्रांनी तिच्यावर विश्वास ठेवला. बायनार्लीनेच २०२३ च्या अखेरीस असेही सिद्ध केले होते की प्रारंभी झळकणाऱ्या बोधचिन्हाच्या चित्रात खोडी करून ठेवली तर ते चित्र वाचतानाच फर्मवेअर फसते आणि सह्यांची तपासणी सुरू होण्याआधीच घुसखोर आत बसतो.

सह्यांच्या अधिकारपत्रांनाही मुदत असते. मायक्रोसॉफ्टची २०११ ची अधिकारपत्रे जून २०२६ पासून एकेक करून कालबाह्य होतात, आणि ती तारीख जवळ येऊ लागली तेव्हा त्या दिवशी जगातले संगणक सुरू होणेच थांबेल काय अशी चिंता अनेकांना लागली. तसे होण्याचे कारण नव्हते. फर्मवेअरच्या रूढ मूळ संहितेत अधिकारपत्राची सही गणिताने काटेकोर तपासली जाते, पण त्यावरची मुदत तपासली जात नाही. कारण मुदत तपासायची तर आज तारीख काय हे ठाऊक हवे, आणि त्या क्षणी यंत्राला तारीख सांगणारे घड्याळ मदरबोर्डवरच्या एका चपट्या सेलवर चालते, जो कुठल्याही घड्याळजीकडे मिळतो आणि जो संपल्याचे मालकाला तारीख चुकल्याशिवाय कळत नाही.